दोन हाका आणि एक जांभई

टिंग.

दातांत धरलेली टाचणी निसटली ती नेमकी पितळी ताटलीत पडली. टाचणी ती केवढी! पण गिरणीचा पहिला भोंगा अजून व्हायचा होता, गल्ली गाढ झोपेत होती, त्यामुळं देवळातली घंटा वाजावी तशी वाजली. एप्रनचा पट्टा हातात धरून मी जागच्या जागी उभी राहिले. श्वाससुद्धा सोडला नाही. पण व्हायचं ते झालंच. गोधडीखालून एक डोळा उघडला.

"आई, तू चाललीस?"

आता खोटं तरी काय बोलणार? अंगावर पांढरा एप्रन, डोक्याला रुमाल.

"मी पण."

सोनी पाच वर्षांची आहे, पण तिचं 'मी पण' म्हणजे कलेक्टरसाहेबाचा हुकूम. त्यावर अपील नाही. म्हणून तर मी रोज ती उठायच्या आत चोरपावलांनी निघते आणि पुढचं सासूबाई निभावून नेतात. त्या दिवशी सासूबाई जेऊरला नणंदेकडं बारशाला गेल्या होत्या. सोनीचे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात. ते शनिवारशिवाय घराचं तोंड बघत नाहीत. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं होतं, पण पोरगी जागी होऊन कमरेला मिठी मारून बसल्यावर काकू काय करणार?

"दवाखान्यात पोरं न्यायची नसतात, बाळ."

"मग तिथं एवढी पोरं कुठनं येतात?"

मी मुकाट्यानं फणी घेतली. वेणी घातली, शिळ्या भाकरीचा दुधात काला करून भरवला आणि निघाले हिला कडेवर घेऊन. वाटेत भोंगा झाला, तर हिनं दोन्ही कान झाकले आणि खुशीत हसत सुटली.

आमचा दवाखाना बायकांचा. आठ खाटांचा एक लांबोडा वॉर्ड, त्याला लागून बाळंतपणाची खोली, पुढं व्हरांडा, आणि मागच्या अंगणात नव्या भिंतीसाठी आणून टाकलेला विटांचा ढीग. डॉक्टरीणबाई एक, नर्सा दोन. एक दिवसाची, एक रात्रीची. शिवाय गोजाबाई. ती कागदावर आया आहे. खरं सांगायचं तर दवाखाना ती चालवते आणि आम्ही तिला मदत करतो.

पोचले तर डॉक्टरीणबाई फाटकातच टांग्यात बसत होत्या. कुर्डुवाडीला एक बाई अडली होती, तशी तार आलेली. सातची गाडी गाठायची होती.

"सगळ्या बऱ्या आहेत," त्या पेटी सावरत म्हणाल्या. "सहा नंबर पहाटे चारला बाळंत झाली. तिसरं बाळंतपण, मुलगा. नाडी ऐंशी. तेवढं लक्ष ठेव. मी चारच्या गाडीनं परत येते."

"आणि मध्ये काही झालं तर?"

"आधी हात धू, मग डोकं चालव." मग त्यांची नजर माझ्या कडेवर गेली. "ही नवी नर्स कोण?"

"मी सोनी," सोनी म्हणाली. टांगा हलला.

सहा नंबर म्हणजे बाळाबाई. सांगोल्याकडची धनगराची सून. विशीची असेल नसेल, काटक, सावळी, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. नवरा तिला गाडीतनं आणून सोडून मेंढरांकडं परत गेला होता. सोबत सासू, रंभाबाई. ती खाटेशी जमिनीवर पहारेकऱ्यासारखी बसली होती. आणि खाटेवर, आमच्या धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर, चक्क काळी घोंगडी अंथरलेली.

"हे काय, आजी?"

"घोंगडी हाय."

"ती दिसतीय की. खाटेवर कशाला?"

"आमच्यात बाळंतीण पांढऱ्यावर निजत न्हाय, नरसबाई. घोंगडीवर जलमायचं, घोंगडीवर वाढायचं. अन् तुमच्या चादरीला डाग पडला म्हंजी तुमीच वरडाल की."

नियम असा की बाहेरचं अंथरूण खाटेवर नको. मी घोंगडी काढायला वाकले. बाळाबाईनं तिचा काठ मुठीत धरून ठेवला होता. सोनी झोपेत माझा पदर धरते, अगदी तसा. मला काही ती मूठ सोडवता आली नाही. म्हटलं, राहू दे. घोंगडीनं कुणाचं काय बिघडतंय?

मग बाकीची विचारपूस केली. "लघवी झाली का, बाई?"

रंभाबाई तिथंच उभी होती. बाळाबाईनं एकदा सासूकडं बघितलं, मग खाली, आणि मान हलवली. झाली. मी तक्त्यावर तसं लिहिलं. घोंगडीचं टोक उचलून बघितलं. खाली डोकावणारी चादर पांढरीशुभ्र होती. तेही लिहिलं: चादर स्वच्छ. नाडी ब्याऐंशी. आणि पुढच्या खाटेकडं गेले.

सोनीनं मात्र सहा नंबर सोडला नाही. तिथं बाळ होतं ना. मुठी वळून झोपलेलं, लालबुंद.

"आजी, हे डोळे का उघडत नाही?"

"बघाय काय ठेवलंय हितं? मेंढरं न्हाईत, कुत्रं न्हाय." रंभाबाईला ही श्रोती लगेच आवडली.

साडेआठच्या सुमाराला फाटकात दोन टांगे एकामागोमाग येऊन थांबले आणि आमच्या शांततेचा त्या दिवसापुरता निकाल लागला. पहिल्या टांग्यातून रुद्राणी उतरली. कापडाच्या पेढीवाल्या शिवप्पांची धाकटी सून, पहिलटकरीण. दुसऱ्यातून चार बायका, दोन गाठोडी, एक पाण्याची कळशी आणि खुद्द शिवप्पा. डोक्याला जरीचा पटका, हातात चांदीच्या मुठीची काठी.

"अव्वाऽऽ!" रुद्राणी पायरीवरच बसली. "सत्तेऽ! अव्वा, सत्तेऽऽ!"

"'आई, मेले' म्हणतीया," गोजाबाईनं मला समजावलं. तिला कानडी चांगली येते. "या आठवड्यातली ही चौथी मेलेली. आदल्या तिघी टुणटुणीत पोरं घेऊन घरी गेल्या."

तिला खोलीत घेतलं, तपासलं. लाकडी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकले. घोडा दौडावा तसे टपटप पडत होते. कळा पाव-पाव तासानं. दिवेलागणीच्या आत काही व्हायचं लक्षण नव्हतं.

"सगळं उत्तम आहे. अजून वेळ आहे. चहा घेणार का?"

"सत्तेऽऽ..." कळ ओसरली. रुद्राणीनं डोळे पुसले. "घेते की. साखर जरा जास्त घाला."

बाहेर शिवप्पा दार अडवून उभे. "नर्सबाई, आता तुम्ही हितनं हलायचं नाही. डॉक्टरीण नाही म्हणता, मग तुम्हीच. ह्या गावात मला कोण ओळखत नाही? मुन्शिपालटीतले झाडून सगळे..."

"अप्पा, तुमची सून छान आहे. तुम्ही बाकावर बसा."

"छान असती तर अशी ओरडली असती का?"

माणसं काय समजतात बघा. जिचा आवाज मोठा तिचं दुखणं मोठं. आणि खरं सांगते, मलाही दर हाकेला आत धावावंसंच वाटत होतं. चार बायका चार बाजूंनी ओढत असल्या की पाय आपोआप तिकडं वळतात. दीड तासात मी त्या खोलीत सात वेळा जाऊन आले असेन आणि वाटेतल्या वॉर्डात एकाही खाटेपाशी थांबले नाही.

मध्येच सोनी माझ्या एप्रनला लोंबकळली. "आई, त्या काकू मला पाणी मागतात. हळूच मागतात. आजी म्हणती बाळंतिणीला पाणी द्यायचं नसतं. किती वेळा मागितलं."

"देते हं," म्हटलं. आमच्याकडं ही एक मोठी डोकेदुखी आहे. बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतं म्हणे. रोज एका तरी सासूशी त्यावरून माझी हुज्जत होते. आता नको, थोड्या वेळानं घालू, असं मनाशी ठरवून दारातनं आत डोकावले. बाळाबाई पडल्या पडल्या मोठी जांभई देत होती.

"झोप येतीय ना? रात्रभर जागलीस. झोप आता," मी लांबूनच म्हणाले, आणि उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर येत होती म्हणून दाराजवळच्या खिडकीची एक फळी ओढून घेतली. केवढ्या मायेनं ओढली! ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

दहा वाजले असतील. मी रुद्राणीच्या पाठीला शेक देत होते आणि व्हरांड्यात धप्प झालं. एक क्षण काहीच नाही. मग:

"आईऽऽऽ!"

तो आवाज शंभर पोरांत ओळखेन. त्याच वेळी रुद्राणीला कळ आली. "अव्वाऽऽ! सत्तेऽऽ!" दोन्ही आवाज एकमेकांवर चढले. मी शेकाची पिशवी एकीच्या हातात कोंबली आणि पळाले. खोलीतून व्हरांड्यात जायचं तर वॉर्डातूनच जावं लागतं. पळता पळता समोरच्या उघड्या दारातून मला सोनी दिसली. कठड्यावर चढून घोडा घोडा करत होती म्हणे. भुवई फाटली होती, अर्धा चेहरा लाल, झगा लाल. दोन्ही हात माझ्याकडं पसरलेले.

सहा नंबरची खाट व्हरांड्याच्या दाराला लागूनच. मी तिथवर आले आणि रंभाबाई कौतुकानं म्हणाली, "बघा की नरसबाई, ती पोर वरडतीया, तिकडं सावकारीन वरडतीया. आमची बघा. हूं न्हाय की चूं न्हाय. लई गुणाची. पानी पानी बी थांबलं आता. निस्ती जांभया देतीया. मगाधरनं धा झाल्या असतील."

माझा पाय उंबऱ्यावर होता.

नर्सिंग शिकताना आमच्या बाई सांगायच्या: अंगातलं रक्त कमी झालं की देहाला हवा पुरत नाही. मग माणूस तहानतं, जांभया देतं, आणि शेवटी गप्प होतं. मी ते वहीत छान अक्षरात लिहून घेतलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्नच आला नव्हता.

उंबऱ्यापलीकडं सोनी. मी तिच्याकडं बघितलं. आईच्या नव्हे, नर्सच्या डोळ्यांनी बघायचा यत्न केला. ती स्वतःच्या पायांवर उभी होती. छाती भरभरून ओरडत होती. भुवईची कातडी पातळ, जरा फाटली तरी भळाभळा वाहते आणि दाबून धरली की थांबते. तिला माझं नाव घेता येत होतं. रुद्राणीला दोन कळांच्या मध्ये साखर आठवत होती. आणि ही जी काळ्या घोंगडीवर होती, तिला डोळेसुद्धा उघडवत नव्हते.

मी पाय मागं घेतला.

बाळाबाईचं कपाळ माठासारखं गार, ओलं. ओठ राखेसारखे. मनगट धरलं तर नाडी सापडेना. सापडली ती दोऱ्यासारखी, मोजू म्हणेतो पळणारी. एकशेतीसच्या पुढं. कमरेखाली हात घातला आणि बाहेर काढला. मनगटापर्यंत लाल.

जाडजूड काळी लोकर. तास-दीड तास ती सगळं पीत राहिली होती आणि वरून एक टिपूस दाखवला नव्हता. खाली चादर पांढरी म्हणून मी तक्त्यावर लिहून मोकळी झाले होते.

"गोजाबाई! कपाटातलं स्वच्छ फडकं घे, सोनीच्या भुवईवर दाबून धर. सोडायचं नाही."

"अन् तू गं?"

"मी येत नाही."

हे मी म्हणाले. सोनीनं ऐकलं. ती आणखी जोरात ओरडली.

पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी बेंबीखाली नारळासारखी घट्ट लागायला हवी. ती बेंबीच्या वर, एका अंगाला सरकलेली, आणि हाताला भिजवलेल्या कणकेसारखी मऊ. तिला वर ढकलणारा दुसरा फुगा खाली होता. लघवीनं तट्ट भरलेला. तो रिकामा झाल्याशिवाय पिशवी आवळणार नव्हती आणि ती आवळल्याशिवाय रक्त थांबणार नव्हतं.

मी तिच्या कानाशी वाकले. "बाळाबाई, लघवी झाली नव्हती ना?"

ओठ हलले. "म्हातारी... हुबी हुती की."

घ्या. सासूदेखत असलं कसं बोलायचं? आणि विचारणारी मी तरी कोण? मी स्वतः सासूबाईंच्या समोर असा शब्द आजवर तोंडातून काढलेला नाही. दुखत असलं तरी 'काही नाही' म्हणते. हे मला नको का कळायला?

"आजी, तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसा. मी म्हणेपर्यंत वळायचं नाही."

रंभाबाईनं माझा हात बघितला आणि वळली. हात धुतले, रबराची नळी घातली. भांडं काठोकाठ भरलं. लगेच पोटावर हात ठेवून पिशवी चोळायला घेतली, गोल गोल, जोर लावून. दुसऱ्या हातानं अर्गटची, पिशवी आवळायच्या औषधाची, बाटली उघडली आणि तिच्या तोंडात औषध ओतलं. ते फार कडू. तिनं तोंड वाकडं केलं. ते वाकडं तोंड मला इतकं आवडलं म्हणून सांगू!

"आजी, वळा आता. बाळ उचला, तिच्या छातीला लावा. त्यानं ओढलं की पोटातली पिशवी आवळते. आणि चमच्यानं पाणी घाला."

"पानी?"

"पाणी."

तिनं घातलं. तेवढ्यात दारात काठी आपटली.

"नर्सबाई! माझी सून तिकडं जातीया आणि तुम्ही हितं..."

"अप्पा, मागच्या अंगणात विटा आहेत. चार आणा."

"काय?"

"विटा. चार. खाटेचं पायथ्याचं अंग उंच करायचंय. पळा."

"मी? विटा?" शिवप्पांचा पटका रागानं हलला. मग त्यांना माझा एप्रन दिसला, बाळाबाईचं तोंड दिसलं. त्यांनी चांदीच्या मुठीची काठी दाराला टेकवली आणि खरोखर पळाले. परत आले ते छातीशी सहा विटा धरून. कोट मातीनं भरलेला.

"चार म्हटलं होतं."

"दोन असू द्या. कमी पडलं असं व्हायला नको." त्यांनी आणि रंभाबाईनं मिळून खाट उचलली आणि दोन्ही पायांखाली विटा सरकवल्या. पटका घरंगळून खाली पडला. तो उचलायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

तिकडून रुद्राणीचा आवाज आला, अगदी साधा: "मामंजी कुठं गेले? काय चाललंय तिकडं?" कुणीतरी तिला कानडीत सगळी हकीकत सांगायला लागलं. त्यानंतरची कळ तिनं बरीच हळू आवाजात काढली. मध्येच थांबवून 'मग?' विचारायचं होतं ना.

मी चोळत होते. पिशवी घट्ट व्हायची. हात सैल केला की पुन्हा मऊ. पुन्हा घट्ट, पुन्हा मऊ. खांद्यातून कळा यायला लागल्या. व्हरांड्यात सोनी रडत होती. गंमत बघा, ज्या रडण्यानं मघाशी काळीज फाटलं होतं तेच आता मला धीर देत होतं. रडतीय, म्हणजे बरी आहे. रड, बाळा, मी मनात म्हणत होते, रड अजून थोडी.

आणि रडणं थांबलं.

हळूहळू ओसरलं असतं तर गोष्ट वेगळी. एकदम थांबलं. माझा हात बाळाबाईच्या पोटावर होता आणि तो मला काढता येत नव्हता. काढला असता तर मघापासून केलेलं सगळं वाहून गेलं असतं.

"गोजाबाई! सोनी?"

उत्तर नाही.

"गोजाबाईऽ!"

डोक्यावर पडली असेल. आतून काही झालं असेल. कठडा केवढा, फरशी कसली, सगळं डोळ्यांपुढं यायला लागलं. मी अप्पांकडं बघितलं. त्यांना न सांगता कळलं असावं. ते व्हरांड्याकडं वळले आणि त्याच वेळी दारातून एक बारीक आवाज आला.

"मला पण वीट उचलायचीय."

डोक्याभोवती फडकं, त्यावर गोजाबाईचा तळहात, एका गालात खडीसाखर. ती गालात होती म्हणून रडता येत नव्हतं.

"तीच मला म्हणाली गप बस, आईचं काम चाललंय," गोजाबाई म्हणाली. "मीच रडत हुते गं."

मला हसू आलं आणि डोळ्यांतनं पाणीही. पुसायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात हाताखाली काहीतरी बदललं. पिशवी घट्ट झाली आणि घट्टच राहिली. मी श्वास धरून मोजलं. साठापर्यंत, मग शंभरापर्यंत. मऊ पडली नाही. खालचं कापड बदललं. नवं जवळजवळ कोरंच राहिलं. बाळ चुटुचुटु ओढत होतं. अर्ध्या तासानं नाडी एकशेवीस, बाराला एकशेआठ. जांभई एकही नाही.

एकच्या सुमाराला बाळाबाईनं डोळे उघडले. पाय आढ्याकडं, डोकं खाली, हे बघून तिला नवल वाटलं असावं. मग ती सासूकडं बघून म्हणाली, "आत्ती, भूक लागलीया."

रंभाबाई इतका वेळ खंबीर होती. आता पदरात तोंड घालून रडायला लागली.

चारची गाडी पाऊण तास उशिरा आली. डॉक्टरीणबाईंनी विटा बघितल्या, नाडी बघितली, पोट दाबून बघितलं, आणि मग तक्ता हातात घेतला. सकाळच्या दोन ओळींवर त्यांचं बोट थांबलं. लघवी झाली. चादर स्वच्छ.

"दोन्ही खोट्या," मी म्हणाले. "सासूदेखत विचारलं. आणि घोंगडी मीच राहू दिली. दीड तास फिरकले नाही."

त्यांनी तक्ता माझ्यापुढं धरला. मी खोडायला पेन उचललं तसं त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "खोडायचं नाही. खाली खरं काय ते लिही, वेळ घालून. वरचंही राहू दे." मग सोनीकडं वळल्या. "आणि या नर्सबाईंना काय झालं?"

सोनीच्या भुवईवर दोन टाके पडले. ते घालताना तिला मांडीवर मीच धरलं होतं. तिनं बोंब मारून वॉर्ड डोक्यावर घेतला. मला बरं वाटलं.

दिवेलागणीला रुद्राणी मोकळी झाली. मुलगी. शिवप्पांनी पेढे मागवले आणि पुडा घेऊन स्वतः वॉर्डात आले, आधी सहा नंबरपाशी. रंभाबाईनं पेढा घेतला, त्यांच्या मातकट कोटाकडं बघितलं.

"सावकार, विटा बऱ्या उचलता की. दुकान चालंना झालं तर हितं या. नरसबाई ठिवून घेतील."

"आज ठेवून घेतलंच होतं की," शिवप्पा म्हणाले. "पळा म्हणाल्या मला. चाळीस वर्षांत कुणी पळा म्हटलं नव्हतं." आणि ते इतके हसले की पटका पुन्हा घसरला.

घोंगडी धुऊन मागच्या दोरीवर टाकली होती. बाळाबाई पांढऱ्या चादरीवर निजली होती. सून दिसेल असं बसायचं, पण तिच्या लघवीच्या वेळेला व्हरांड्यात उठून जायचं, हे रंभाबाईनं आपणहून ठरवलं.

घरी जायला शिवप्पांनी टांगा दिला. सोनी माझ्या मांडीवर, डोक्याला पट्टी, हातात अर्धा पेढा. मला वाटलं झोपली. बाजार मागं पडला, तशी ती म्हणाली,

"तू पळत येत होतीस."

"हो."

"मग थांबलीस. मी बघितलं."

मी तिला जवळ ओढलं. खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "तू रडत होतीस ना, म्हणून मला कळलं, माझ्या सोनीला लागलंय पण ती बरी आहे. त्या काकूंना रडायलासुद्धा येत नव्हतं. जी गप्प असते तिला जास्त लागलेलं असतं कधी कधी. म्हणून आधी तिच्याकडं."

तिनं पेढ्याचा कण तोडून खाल्ला. विचार चालला होता.

"मग मी गप्प असते आणि त्या रडत असत्या तर?"

"तर आधी तुझ्याकडं आले असते."

"नक्की?"

"नक्की."

तिचं समाधान झालं असं मला वाटलं. टांगेवाल्यानं कंदील लावला. घोडा संथ चालत होता. सोनीनं मान वर करून, पट्टीखालच्या त्या सुजक्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"आणि आई, आम्ही दोघीपण गप्प असतो तर?"